कूलर घ्यावा, एसी घ्यावा की आधी पंखे बदलावेत?

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी तोच विषय निघतो, यंदा कूलर की एसी? पैशांचा हिशेब सगळेच करतात. मी इथे कोळशाचा आणि पाण्याचा मांडतेय, कारण दोन्ही आपल्या दारातले प्रश्न आहेत. फताटेवाडीचं १,३२० मेगावॉटचं वीज केंद्र कोळशावर चालतं, आणि त्याला पाणीही आपल्या शहराला पुरवणाऱ्या उजनी धरणाचंच लागतं.

आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एसीच्या स्टार लेबलवर १,६०० तासांच्या वापराची युनिटं छापलेली असतात. दीड टनाच्या चांगल्या ५ स्टार इन्व्हर्टर एसीची ती साधारण ८०० धरा, म्हणजे ५६० किलो कार्बन. तेवढेच तास १८० वॉटचा कूलर चालवला तर २९० युनिटं, जेमतेम २०० किलो. विजेच्या बाबतीत कूलरच उजवा.

पाण्याचं मात्र उलटं आहे. भर दुपारी आमचा मोठा कूलर तासाला आठेक लिटर पाणी पितो. दोन तासांत एक बादली! त्या हिशेबाने १,६०० तासांना जवळजवळ १३,००० लिटर. वीज बनवायलाही पाणी लागतं, पण नव्या केंद्रांसाठीच्या नियमाप्रमाणे युनिटमागे ३ लिटर धरलं तरी एसीच्या वाट्याला २,४०० लिटरच येतं. ज्या घरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथे हा फरक फार मोठा आहे. बोअरचं पाणी घालावं तर ते जड. मागच्या मे महिन्यात मी कूलरचं हनीकोंब पॅड (ज्यावरून पाणी झिरपतं ती जाळी) काढून उन्हात ठेवलं, तर बोटांना खडूसारखी पांढरी भुकटी लागली आणि निम्मी भोकं बुजलेली दिसली. हवा कमी येते म्हणून आपण स्पीड वाढवतो, मोटर जास्त चालते. त्यात तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल, तर त्याचं डिझेलही याच हिशेबात धरा. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरने नुसता चिकचिकाट होतो.

म्हणून माझं मत असं: घरचं पाणी पुरत असेल तर कूलर, टँकरवर दिवस काढत असाल तर एसी. एसी घेताना स्टार बघाच, पण आत थंडाव्यासाठी भरलेला गॅस कोणता तेही विचारा. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही. एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर तो सुमारे २,००० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, आर-३२ साधारण ६७५ किलोइतकी. आर-२९० ची मात्र अगदी नगण्य. म्हणजे आर-३२ च्या एसीतला किलोभर गॅस एकदा गळला, की वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त नुकसान होतं. एसी घेतल्यावर तो २६ वर ठेवा. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. ५ स्टार आहे म्हणून १८ वर लावला, तर त्या स्टारचा फायदा तिथेच संपला.

या दोन्हींच्या आधी छताकडे बघा. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) ३० च्या आसपास. आपल्याकडे पंखा वर्षातले दहा महिने फिरतो. दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला २०० युनिटं वाचतात, तीन पंख्यांमागे ६००. एवढ्यात एका एसीची पाऊण वर्षाची वीज निघते, आणि पाणी एक थेंबही लागत नाही. बजेट थोडं असेल तर मी आधी पंखेच बदलेन.

घरात जुना एसी असेल आणि तो काढायचा असेल, तर मेकॅनिकला आधीच बजावा, गॅस लॉक करूनच, म्हणजे बाहेरच्या युनिटमध्ये अडवूनच, पाइप सोडायचा. जुळे सोलापुरातून घर बदलताना आमच्या एसीचा नट त्याने तसाच फिरवला आणि फुस्स करून सगळा गॅस माझ्यासमोर गेला. लॉक करायला पाच-दहा मिनिटं लागली असती.