युरोरॅक, वर्षभरानंतर: पैसे आवाजाला कमी, फाटे फोडायला जास्त

युरोरॅक म्हणजे सुटी मॉड्यूल एका केसमध्ये बसवून केबलींनी जोडायचा सिंथेसायझर. ऑसिलेटर स्वर काढतो, फिल्टर तो गडद-उजळ करतो, व्हीसीए लहान-मोठा करतो; याहून जास्त इथे सांगत बसत नाही. मी नाटकांचं पार्श्वसंगीत करतो, बहुतेक प्रायोगिक नाटकं आणि स्पर्धेतल्या एकांकिका, म्हणजे मानधनाचा आकडा तुम्हीच ओळखा. त्यातूनच ८४ एचपीच्या (एचपी हे मॉड्यूलच्या रुंदीचं माप) दोन ओळींची केस हळूहळू भरत आणली. आज लिहायला बसलोय ते एका मॉड्यूलच्या रागापोटी, आणि ते म्हणजे मल्टिपल. ना ते आवाज काढतं, ना आवाज बदलतं. एका आउटपुटला तीन फाटे फोडायचे, एवढंच त्याचं काम.

झालं असं की सीक्वेन्सरमधून, म्हणजे एकामागून एक स्वर व्होल्टेजच्या रूपात पाठवणाऱ्या मॉड्यूलमधून, थेट एका ऑसिलेटरला केबल होती तोवर सूर चोख होता. मग दुसरा ऑसिलेटर जोडला, आणि स्वर चढेल तसा फिल्टरही उघडत जावा म्हणून एक केबल तिकडे नेली. तिन्हीकडे व्होल्टेज पोचवायला साधं पॅसिव्ह मल्टिपल, म्हणजे आत नुसत्या तारा जोडलेलं, लावलं. मंद्रात काही कळलं नाही. तार सप्तकात गेलो तर सूर असा उतरलेला की ऐकवेना. जादाच्या दोन केबली काढल्या की पुन्हा जागेवर.

ज्या दुकानातून ऑसिलेटर मागवला होता त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: ट्रॅकिंग गेलंय (म्हणजे व्होल्टेजच्या प्रमाणात स्वर चढत नाही), कंपनीकडे पाठवा. कंपनी युरोपात. पाठवायचा खर्च माझा. परत येताना ही नवी खरेदी नसून दुरुस्तीहून आलेली माझीच वस्तू आहे, हे कस्टम्सला पटवण्याचे कागदही माझेच. वॉरंटी होती, पण शिपिंग वॉरंटीत येत नाही म्हणे. ईमेलवर ईमेल झाले आणि शेवटी सूर बदलला: 'सर, ॲनॉलॉगमध्ये एवढं चालायचंच.' आधी बिघाड म्हणायचं आणि मग त्याच बिघाडाला ॲनॉलॉगचा स्वभाव म्हणायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

केस उचलली आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. तिथले एक काका वर्षानुवर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. मॉड्यूलर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. 'वाजवतात कुठून हे?' असं विचारून त्यांनी मल्टिमीटर लावला. ३ व्होल्ट यायला हवे तिथे एक केबल असताना २.९७, तिन्ही लावल्यावर २.९१.

'अहो, टाकी एकच आहे. खालच्या दोन मजल्यांनी नळ सोडले तर वरच्याची धार बारीक होणारच. तुमचा ऑसिलेटर ठणठणीत आहे.'

हिशेब सोपा आहे. बऱ्याच मॉड्यूलच्या आउटपुटला सुमारे १ किलोओहम रेझिस्टन्स असतो आणि इनपुटला १०० किलोओहम. एकच इनपुट असेल तर एक टक्का व्होल्टेज गळतं, तीन लागले की जवळजवळ तीन टक्के. आता एका सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबाने एका अर्धस्वराच्या वाट्याला येतात जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. तीन सप्तकं वर गेल्यावर ०.०६ व्होल्ट कमी पडले म्हणजे स्वर सत्तरेक सेंटनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरला. याला ॲनॉलॉगची ऊब वगैरे म्हणू नका. एकावर एक लावता येणाऱ्या स्टॅकेबल केबलींचंही हेच होतं, त्याही पॅसिव्हच.

यावर उपाय बफर्ड मल्टिपल, म्हणजे प्रत्येक फाट्याला स्वतःचा जोर देणारं. आणि माझा संताप इथून सुरू होतो. त्यात असतं काय, तर ऑप-अँप (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) आणि चार जॅक. चार ऑप-अँपची एक टीएल०७४ चिप आपल्याकडे वीस-तीस रुपयांत मिळते. तयार मॉड्यूल शिपिंग, ड्यूटी, जीएसटी धरून हातात पडेपर्यंत साडेसहा हजार! जे कुठल्याही साध्या कीबोर्डच्या पोटात फुकट असतं, ते इथे वेगळं, अल्युमिनियमच्या पट्टीत बसवून विकत घ्यायचं. मग कळतं की व्हीसीए पुरत नाहीत, ते आणा. व्होल्टेज कमी करणारा अटेन्युएटर आणा. ते वर-खाली सरकवणारा ऑफसेट आणा. मिक्सर आणा. माझ्या केसमध्ये प्रत्यक्ष आवाज काढणारी मॉड्यूल एका ओळीत अर्धी जागासुद्धा व्यापत नाहीत. बाकीची सगळी सरबराई. जर्मन निर्माते डीटर डोप्फर यांनी नव्वदच्या दशकात ए-१०० ही मॉड्यूलर यंत्रणा काढून हे माप रूढ केलं तेव्हा हेतू मोठ्या भिंतीएवढ्या यंत्रांपेक्षा स्वस्त काहीतरी देण्याचा होता, आणि तसं ते आहेही. फक्त स्वस्त काय ते पहिलं मॉड्यूल.

काकांनी झीरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या कोऱ्या सर्किट बोर्डवर, चार फाट्यांचा बफर करून दिला. जॅक, चिप, पट्टी, भोकं पाडण्याची मजुरी, सगळं मिळून सातशेच्या आत. वर मॉड्यूलला वीज देणारी रिबन केबल उलटी लागली तर जळू नये म्हणून दोन डायोडही टाकले. महागड्या मॉड्यूलमध्येही हे डायोड असतीलच असं नाही, आणि केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला हवी एवढ्या एका गोष्टीवर तुमचे वीस हजार अवलंबून असतात. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग कंपनीची मॉड्यूलर यंत्रणा बसवली होती, संगीतकार गीता साराभाईंनी वगैरे तिच्यावर काम केलं. तिथला एखादा भाग गेला की ते काय करत असतील हा प्रश्न मला हल्ली फार पडतो. त्यांनाही कोणी काका भेटले असावेत.

इथवरचं मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिणार होतो. पण मधे एका नाटकासाठी तानपुऱ्यासारखा भरणा आणि त्यावर सावकाश सरकणारा एक स्वर हवा होता, आणि बफर बसल्यावर या यंत्राने जे दिलं ते माझ्या कीबोर्डने कधी दिलं नव्हतं. स्वर इथे पट्टीत अडकलेला नाही. व्होल्टेज ठरावीक स्वरांवर बसवणारा क्वांटायझर काढून टाकला आणि सीक्वेन्सरची बटणं कानाने लावली. शुद्ध गांधार बारा समान भागांच्या गांधारापेक्षा १४ सेंट खाली असतो, म्हणजे साधारण १२ मिलिव्होल्ट. बटण केसभर फिरवलं आणि तो भरण्यात मिसळून गेला. मधे व्होल्टेज सावकाश सरकवणारा स्ल्यू लिमिटर टाकला तर मींड. गायकाची नव्हे, पण खोटीही नाही. १२ मिलिव्होल्टचा फरक ऐकवणारं यंत्र दोन जादा फाट्यांपायी सप्तकामागे १९ मिलिव्होल्ट घालवत होतं, हे कळल्यावर दुकानदाराचं ते 'चालायचंच' जास्तच झोंबलं.

दिग्दर्शकाला आवाज आवडला. मग तो म्हणाला, 'दुसऱ्या अंकात हाच, पण जरा गडद. आणि शनिवारच्या प्रयोगाला सेम.' सेम! १९७८ च्या प्रॉफेट-५ सिंथेसायझरमध्ये ४० आवाज साठवता यायचे. माझ्याकडे केबलींच्या जंजाळाचे मोबाइलवरचे फोटो आहेत, आणि फोटोत बटण तीनवर आहे की सव्वातीनवर, ते दिसत नाही. शिवाय तालीम पंख्याखाली, प्रयोग एसीत. ॲनॉलॉग ऑसिलेटर गरम व्हायला वीस-तीस मिनिटं घेतो, आणि तो गरम होईपर्यंत हॉल थंड होतो. तिसऱ्या घंटेला मी विंगेत ट्यूनर घेऊन बसलेला. शेवटी सगळं रेकॉर्ड करून लॅपटॉपवरून वाजवलं. म्हणजे प्रेक्षकांच्या दृष्टीने ते यंत्र घरी ठेवलं असतं तरी चाललं असतं.

एका वेळी तीन-चार स्वर हवे असतील तर हा विचारच सोडा. प्रत्येक स्वराला ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारं मॉड्यूल), व्हीसीए वेगळं, आणि त्या सगळ्यांना जोडायला अर्थातच मल्टिपल.

ज्यांचा जीव अडकलाय त्यांनी आधी सहा महिने व्हीसीव्ही रॅक, म्हणजे संगणकावरचा आभासी युरोरॅक, वापरा. फुकट आहे. त्यात एका आउटपुटला हव्या तेवढ्या केबली लावा, एक मिलिव्होल्ट गळत नाही, एका केबलीतून सोळा स्वर जातात आणि पॅच, म्हणजे केबलींची सगळी जोडणी, सेव्ह होतो. त्यानंतरही हाताला बटणं हवीशी वाटली तरच खिशात हात घाला, आणि यादीत पहिलं नाव बफर्ड मल्टिपलचं लिहा.

मी दुसरी ओळ विकतोय. पहिली ठेवणार, भरणा आणि मींडेसाठी. विकायच्या यादीत पॅसिव्ह मल्टिपलही आहे, पण ते मागणारा अजून भेटलेला नाही. ते काढल्यामुळे पहिल्या ओळीत चार एचपीचं भोक पडलंय. ते झाकायची नुसती पट्टी, जिला ब्लँक पॅनल म्हणतात, तीसुद्धा दुकानात साडेचारशेला आहे. काकांना विचारलंय.