जुनं ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी त्याची मागची पोर्टं बघा

जुनं ग्राफिक्स कार्ड विकणारा आपल्याला व्हिडिओ पाठवतो. त्यात विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव ठसठशीत दिसतं, चार जीबी मेमरी दिसते, पंखा गरगर फिरताना दिसतो. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा, असं कोणालाही वाटेल. पण विंडोज ते नाव कार्डाच्या बायोसमधल्या, म्हणजे कार्डातच भरलेल्या छोट्या प्रोग्राममधल्या ओळखीवरून दाखवतं, आणि ती ओळख बदलून टाकणं अवघड नाही. आमच्या घरातले सहा हजार आठशे रुपये याच वाटेनं गेले. खान्देशात गेमिंगसाठी स्वतः कॉम्प्युटर जोडणारी पोरं आता गावोगाव झाली आहेत, आणि सगळ्यांचं बजेट साधारण आमच्याएवढंच असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी अमळनेरला कृषी केंद्र चालवतो. भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. मॉनिटर घरचाच वापरायचा आणि बाकी सगळं तीस हजारांत बसवायचं, असं ठरलं. रॅमचे भाव तेव्हा आजच्यासारखे भडकलेले नव्हते. पार्ट निवडायचं काम पोरानं मन लावून केलं. प्रोसेसर आय-थ्री १२१००एफ, म्हणजे चार कोअर, आठ थ्रेड. त्यातल्या ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही, म्हणून तो थोडा स्वस्त पडतो, पण वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. त्याला एच६१० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, पाचशे जीबीची एनव्हीएमई डिस्क. हे सगळं दुकानातून, पक्क्या बिलावर घेतलं आणि त्यात काडीचीही खोट निघाली नाही. कॅबिनेटची गोष्ट वेगळी, ती पुढं सांगतो.

कार्डासाठी उरले सात हजार. एवढ्यात नवं धड काही येत नाही, म्हणून एनव्हिडिया कंपनीच्या चिपचं जुनं जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी, शोधायचं ठरलं. निवड वाईट नव्हती. २०१६ सालचं कार्ड, ७५ वॅटवर चालतं, लहानसहान गेम अजूनही ओढतं.

मोबाइलवरच्या जाहिरातीत एक जण सापडला. मुंबईत दुकान आहे म्हणाला. बोलणं एकदम गोड. बिल देतो, सात दिवस चेकिंग वॉरंटी देतो, निम्मे पैसे आधी आणि निम्मे पार्सल हातात आल्यावर. भाच्यानं विचारलं, घरचा मॉनिटर जुना आहे, त्याला फक्त व्हीजीए आहे, चालेल का? तो म्हणाला, ‘अरे, चालेल म्हणजे काय! या कार्डाला व्हीजीए आहे ना, कन्व्हर्टरचे पैसे वाचले तुझे.’ आम्हाला ती सोयच वाटली.

ही सोयच त्या मालाची खरी ओळख होती. १०५० टीआयमध्ये जी चिप असते, त्या पिढीपासून एनव्हिडियानं अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला. व्हीजीएचं ते निळं, पंधरा भोकांचं पोर्ट त्या चिपवरून चालतच नाही. खऱ्या १०५० टीआयला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि बहुधा एक डीव्हीआय असतं, आणि ते डीव्हीआयसुद्धा फक्त डिजिटल. म्हणजे मागं व्हीजीए दिसलं की पुढचा प्रश्न विचारायचीही गरज नाही. दुसरी खूण वरच्या कडेला असते. १०५० टीआयची बरीच कार्डं बोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतात, वेगळी वायर लागत नाही. काही मॉडेलना सहा पिनांची जागा असते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण व्हीजीए आणि सहा पिना दोन्ही एकत्र दिसल्या की समजून जावं.

पार्सल आलं, पोरानं कार्ड लावलं, पडदा उजळला, नाव बरोबर दिसलं. दोन दिवस घरात दिवाळी. मग एनव्हिडियाच्या साइटवरचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायला गेला, तर अर्ध्यावर पडदा काळा. पुन्हा टाकला, पुन्हा काळा. कसाबसा चालला तेव्हा गेम सुरू व्हायचा आणि मोठा नकाशा उघडला की धाडकन बंद. त्याचा फोन आला, ‘मामा, हाऊ गेम चालूच व्हत नही. टिकतच नही.’

विकणाऱ्याला फोन केला. तेव्हा तो उचलत होता. म्हणाला, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, लिंक पाठवतो, त्यातलाच टाक, साइटवरचा टाकू नको. सोबत सूचना आल्या, की विंडोजची ड्रायव्हर-सही तपासणी आधी बंद कर आणि टेस्ट मोड चालू कर. ही गोष्ट सगळ्यांनी नीट लक्षात ठेवावी. ज्याच्यावर कंपनीची सही नाही असा ड्रायव्हर आपल्या कॉम्प्युटरच्या गाभ्यात घालायला सांगणारा माणूस कार्डापुरता थांबेल याची खात्री काय? त्याच मशिनवर पोरगं फीसाठी बँकेचं लॉगिन करतं. भाच्यानं ती फाइल टाकली नाही, हे एक बरं केलं. सात दिवस उलटले आणि नंबर ब्लॉक.

मी कामानिमित्त जळगावला जातोच, तेव्हा कार्ड घेऊन गोलाणी मार्केटमध्ये एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. माणूस कमी बोलणारा. त्यानं कार्ड हातात घेतलं, मागची बाजू बघितली आणि लावून बघायच्या आधीच म्हणाला, ‘भाऊ, हाई एक हजार पन्नास नही शे.’ मी म्हटलं, दाखव तरी. त्यानं आधी जीपीयू-झेड नावाचं फुकटातलं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. खिडकी उघडली आणि पहिल्याच ओळीत, नावाच्या आधी चौकटी कंसात, ‘फेक’. २०१८ पासून ते सॉफ्टवेअर नाव वाचून थांबत नाही, आतली चिप कोणती आहे तेही ओळखतं आणि अशी जुनी, नाव बदललेली एनव्हिडिया कार्डं उघडी पाडतं. खाली कोअरच्या चौकटीत १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. म्हणजे चौथाई माल.

मग त्यानं चार स्क्रू काढले, हीटसिंक हलकेच पिळून सोडवला, चिपवरची वाळकी करडी पेस्ट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि दिव्याखाली धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करून दाखवलं. काचेसारख्या चकचकीत तुकड्यावर बारीक अक्षरं होती. ‘जीएफ१०६’. १०५० टीआयवर तिथं ‘जीपी१०७’ असतं. शेजारी तारखेचा कोड, सुरुवात दहानं, म्हणजे २०१० सालची चिप. जीटीएस ४५० कार्डात हीच चिप बसायची. पंखा मात्र नवा, प्लॅस्टिकचं झाकण नवं, त्यावर स्टिकर नवं, खोका नवा. आमच्या धंद्यात बोगस बियाण्याचं पाकीट असंच येतं. छपाई झकास, लॉट नंबरसुद्धा छापलेला, आणि आत कुठल्याशा जिनिंगमधली सरकी.

कारण समजलं की लक्षणंही समजली. आत मेमरी खरी एक जीबी, बायोस सांगतं चार. गेमनं एकच्या वर मागितली की कोसळतो. मोठा नकाशा उघडला की बंद पडायचं ते यामुळे. आणि त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियानं गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं २०१८ मध्येच थांबवलं, त्यामुळे साइटवरचा ताजा ड्रायव्हर त्याला पचणं शक्यच नव्हतं. ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ हे विकणाऱ्याचं वाक्य तसं पाहिलं तर खरंच होतं.

दुरुस्तीवाल्यानं जाता जाता कॅबिनेटचाही निकाल लावला. कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, आला होता, त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट. भाच्यानं मोबाइलवर त्याच्या स्टिकरचा फोटो दाखवला. कॉम्प्युटरमधली जड कामं, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड, १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते बघायचं आणि बारानं गुणायचं. तिथं होते १४. म्हणजे १६८ वॅट. बाकीचे वॅट कुठल्या लाइनवर आहेत ते त्या छापणाऱ्यालाच ठाऊक. प्रोसेसर जोरात चालला की ८९ वॅटपर्यंत जातो, खरं कार्ड ७५ खातं, आणि वर बोर्ड, पंखे, डिस्क. हिवाळ्यात चालून जाईल. पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला, त्यात विजेचा खेळखंडोबा, तेव्हा असला डबा एकटा जळत नाही, शेजारच्यांना घेऊन जातो. दुकानदारानं कायद्यानं फसवलं का, ते सांगता येणार नाही. नैतिकदृष्ट्या मी त्याला त्या मुंबईवाल्याच्याच रांगेत बसवतो. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळतोय म्हणून घेऊ नका. वेगळा, ८० प्लसचा, म्हणजे वीज कमी वाया घालवतो अशा चाचणीचा, शिक्का असलेला घ्या. फार तर कॅबिनेटवरचे रंगीत दिवे कमी करा.

पैसे परत मिळवायची खटपटही सांगतो, कारण इथं बहुतेक जण ‘जाऊ द्या’ म्हणून सोडून देतात. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला. हा फोन पैसे गेल्याबरोबर करायचा असतो. समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती अडवता येते. आमच्याकडे तोवर पुष्कळ दिवस गेले होते, कारण सात दिवस त्यानं ड्रायव्हरच्या नावाखाली गोड बोलून काढले. चेकिंग वॉरंटी असते ती याचसाठी, हे मला तेव्हा उमगलं.

मग बिल बघितलं. पीडीएफ छान होतं, जीएसटी नंबरही होता. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. मुंबईत दुकान असलेल्या या माणसाच्या बिलावर होते ०७, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव-गाव कोणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही. निघालं कपड्यांच्या कुठल्यातरी व्यापाऱ्याचं नाव. त्या बिचाऱ्याचा नंबर उचलून चिकटवला असणार. बिलावर कार्डाचा सिरियल नंबर नव्हता आणि वर्णनाच्या रकान्यात नुसतं ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी’.

ग्राहक आयोगाचीही चौकशी केली. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पण तक्रार कोणाविरुद्ध? नाव खोटं, पत्ता खोटा, सिमकार्ड कोणाचं कोण जाणे. म्हणून म्हणतो, दुकानाचं पक्कं बिल असेल तर हजार-पाचशे जास्त गेले तरी चालतील. भांडायला समोर माणूस तर असतो.

नावातली हातचलाखी नव्या मालातही आहे, आणि तिथं तर चिपही बदलायला लागत नाही. एएमडी कंपनीच्या चिपचं आरएक्स ५८० म्हणून जे कार्ड स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा ‘२०४८ एसपी’ असतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ युनिट असतात, २०४८ म्हणजे आतून आरएक्स ५७०. जीटी १०३० दोन प्रकारचं येतं, जीडीडीआर५ आणि डीडीआर४. नाव एकच, पण दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जवळपास एक तृतीयांश. आरटीएक्स ३०५० सहा जीबी आणि आठ जीबी यांत फरक फक्त मेमरीचा नाही, सहावाल्याची चिपही छाटलेली आहे. आणि ‘आय-सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी, पंधरा हजार’ ही जाहिरात दिसली की पिढी विचारा. बहुतेक वेळा दुसरी किंवा तिसरी निघते, म्हणजे २०११-१२ चा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला माल. त्यावर विंडोज ११ रीतसर बसतही नाही.

जुनं घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉल करा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. त्याला तुमच्यासमोर जीपीयू-झेड नव्यानं डाउनलोड करायला सांगा, चालवायला सांगा, मग कार्ड तसंच मशिनमधून काढून मागची पोर्टं आणि सिरियलचं स्टिकर कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. खरा विकणारा कुरकुर करील, पण करील. आम्ही नंतर आणखी दोघातिघांना हे सांगून बघितलं. एकानं कॉल कट केला. एक म्हणाला, मायनिंगवरून उतरलेलं आहे, साहेब, पण चिप खरी आहे, आणि पोर्टं, स्टिकर सगळं दाखवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावरचं मायनिंग, म्हणजे कार्ड रात्रंदिवस चालवून चलन कमावणं, बंद झाल्यापासून असा माल बाजारात पुष्कळ आहे. तो लपवत नसेल आणि भाव त्या मानानं असेल तर एक वेळ विचार करता येतो.

शेवटी जळगावातच एका दुकानातून वापरलेलं खरं १०५० टीआय घेतलं, बिलावर पूर्ण मॉडेल आणि सिरियल लिहून घेऊन. सोबत एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, जो त्या भल्या माणसानं आमचा ‘वाचवला’ होता. एसएमपीएसही बदलला.

खोटं कार्ड गोलाणीतच एक जण पाचशेला मागत होता. दिलं नाही. तो ते पुढं कोणत्या नावानं विकणार, हे उघड होतं. दुरुस्तीवाल्याला म्हटलं, यावर काहीतरी लिहून दे, आमच्या घरातून चुकूनही बाहेर गेलं तर पुढचा फसायला नको. त्यानं मार्कर घेतला आणि पाठीवर, वरच्या झाकणावर आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘जीटीएस ४५०, २०१०’ असं लिहून दिलं.