सोलापुरी चादर बदलली आणि लेकीने शोधून काढली : आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक लॉन्ड्री आहे, छोटीच आहे, पुढे इस्त्रीचं टेबल आणि मागे फळ्यांवर गठ्ठे. नाव इथे लिहीत नाही कारण यात एक चूक पण सांगणार आहे आणि तेवढ्यासाठी काकांचं नाव नेटवर फिरायला नको. कोणाला हवं असेल तर मेसेज करा, सांगते.

आधी कामाचं. साधी इस्त्री १० रुपये, साडी रोल प्रेस ८०, सोलापुरी चादर धुवून ९०, रग आणि ब्लँकेटचे साइज बघून सांगतात. इस्त्री दुसऱ्या दिवशी मिळते, धुवायचं असेल तर चार दिवस. कॉटनच्या साडीला स्टार्च मस्त करतात, कडक पण पुठ्ठ्यासारखी नाही. परीटघडी म्हणजे काय ते बघायचं तर काकांनी घडी घातलेला पांढरा झब्बा बघा, माझ्या सासऱ्यांना आता दुसऱ्या कोणाची इस्त्री चालतच नाही.

आता ती चादर. दिवाळीच्या आधी मी दोन सोलापुरी चादरी टाकल्या होत्या, त्यातली मोराची लाल-हिरवी माझ्या आईने दिलेली, धुवून धुवून अगदी मऊ झालेली, आणि माझी सहा वर्षांची लेक तीच घेऊन झोपते. चादरी आल्या, त्या रात्री ती पांघरली आणि दोन मिनिटांत उठून बसली, "आई, ही माझी नाहीये." मी म्हटलं अगं धुतल्यावर असंच वाटतं, झोप. तोच मोर, तोच रंग, कोपऱ्याला आमचाच नंबर २१८. ती काही बोलली नाही पण चादर बाजूला सारून माझ्या ओढणीत झोपली.

सकाळी बघते तर हॉलमध्ये चादर पसरलेली आणि ही आजोबांचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन पालथी पडलेली. मला जवळ बसवून एकेक दाखवलं. आमच्या चादरीच्या दशांना आईने तीन-तीन धागे घेऊन गाठी मारल्या होत्या कारण ही लहानपणी ते ओढायची, इथे गाठी नाहीत. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूचे रंग दुसरीकडे उलटे दिसतात, तर आमची एक बाजू खिडकीतल्या उन्हाने फिकट झाली होती, ही दोन्हीकडून सारखी. आणि मागच्या वर्षीच्या टॅगच्या पिनेचा गंज लागून आमच्या कोपऱ्यावर डाळीएवढा तपकिरी डाग पडलेला, तो पण नाही. मी म्हटलं पण नंबर तर आपलाच आहे ना. तर म्हणते, "पण नंबर कोणी लावला?"

मग मात्र मी चप्पल घातली.

खरं सांगते, मला वाटलं होतं दुकानात वाद होणार, असं होऊच शकत नाही, तुमचाच नंबर आहे वगैरे. काकांनी इस्त्री बंद केली, लेकीला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "बोल बाळा, काय काय सापडलं तुला?" तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग रजिस्टर काढून तिच्यापुढे ठेवलं, म्हणाले त्याच दिवसाच्या चादरी तूच शोध. तिला आकडे वाचता येतात, बोट फिरवत फिरवत २२१ वर थांबली, तिथे पण एक सोलापुरी चादर. काकांनी मदतनीस मुलाला विचारलं तेव्हा कळलं की धुताना दोन टॅग सुटले होते आणि त्याने अंदाजाने परत पिना मारल्या. काका म्हणाले, "चूक आमची आहे ताई, दोन दिवस द्या." २२१ वाले गावाला गेले होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी ही शाळेतून येताना परत चौकशीला गेली तेव्हा काकांनी तिला बिब्ब्याची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर होते, तेव्हा असे टॅग नसायचे, बिब्ब्याच्या तेलाने कपड्याच्या आतल्या बाजूला खूण करायचे, त्यावर चुना लावला की काळी होते आणि कितीही धुवा जात नाही. कोणाची दोन ठिपके, कोणाची रेघ आणि ठिपका. पण तेल अंगाला लागलं की त्वचा भाजते, वडिलांच्या बोटांवर कायम फोड असायचे म्हणे. लेकीने घरी येऊन आम्हा सगळ्यांसाठी एकेक खूण काढली, आजोबांना तीन ठिपके.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः चादर घेऊन घरी आले. हिने भिंग आणलं, गाठी बघितल्या, डाग बघितला, मग दुसरी चादर त्यांच्या हातात दिली. काकांनी रजिस्टर आणलेलं, त्यात तिची सही घेतली, तिने पूर्ण रेघ भरून नाव लिहिलं.

मी त्या रात्री तिचं ऐकलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. काकांनी ऐकलं, म्हणून मी यांना पाच पैकी साडेचार देतेय. अर्धा कापला तो त्या पिनांसाठी, चांगल्या कपड्याला भोक पडतं, गंज लागतो आणि सुटतात ते वेगळंच. मी काकांना सांगितलंय की टॅग दोऱ्याने शिवा, त्यांनी चादरी आणि साड्यांसाठी सुरू केलंय, शर्टांना अजून पिनाच आहेत.

सोमवारी बंद असतं. चादर टाकलीत तर कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे दोन टाके घालून द्या म्हणावं, सुई-दोरा काकांच्या ड्रॉवरमध्येच असतो.