आत्ताच हेलिकॉप्टर, की उजाडेपर्यंत दम?

रात्रीचे अकरा. इंजिनरूममध्ये एकाचा हात अडकून चिरडलाय, किनारा 120 मैलांवर. कप्तानापुढे दोन वाटा: आत्ता हेलिकॉप्टर मागवायचं, नाहीतर बोट किनाऱ्याकडे वळवून पेशंटला सकाळपर्यंत सांभाळायचं.

थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. 12 नॉटने, म्हणजे ताशी 12 सागरी मैलांनी, सकाळी सहापर्यंत 84 मैल कापले जातात. उरलेल्या 36 मैलांसाठी हेलिकॉप्टर आलं, तर त्याच्याकडे डोक्यावर घिरट्या घालायला भरपूर इंधन असतं. 120 मैलांवर हाच हिशेब काटेकोर होतो.

आता रात्रीची बाजू. नाइट व्हिजन गॉगलमधून एका वेळी साधारण 40 अंशांचाच तुकडा दिसतो, आणि अंतराचा अंदाज चकतो. अमावास्येला आभाळ भरलेलं असेल तर गॉगलने वाढवायला मुळात उजेडच नसतो. समुद्र आणि आकाश एकच काळं. दिवसा लाटा बघून जागा धरणारा पायलट तेव्हा पाण्यापासूनची उंची सांगणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर आणि दारात ओणवा होऊन 'पुढे, अजून पुढे, थांब' सांगणाऱ्या विंच ऑपरेटरवर (दोर खाली-वर करणाऱ्यावर) विसंबतो.

आयर्लंडचं 'रेस्क्यू 116' हे बचाव हेलिकॉप्टर 14 मार्च 2017 च्या रात्री ब्लॅकरॉक बेटावर आदळलं. चौघेही गेले. ते पेशंटला आणायला निघालेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या मदतीला चाललं होतं. त्या पेशंटच्या अंगठ्याला इजा होती. धोक्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या डेटाबेसमध्ये ते बेटच नव्हतं. आपल्याकडे 2 सप्टेंबर 2024 ला पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर जखमी खलाशाला आणायला जाताना रात्री समुद्रात पडलं. चौघांपैकी एकच वाचला. कारण काहीही असो, अंधारात क्रूलाच शोधायची वेळ आली.

माणूस पाण्यात असेल तर गणित बदलतं. अटलांटिकच्या थंड पाण्यात सकाळपर्यंत थांबणं म्हणजे बहुधा मृतदेह काढणं. अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात लाइफ जॅकेट घातलेला माणूस रात्र काढू शकतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा कामगारांच्या मुक्कामाचा तराफा (बार्ज) बुडाला, तेव्हा रात्रभर आयएनएस कोची, कोलकाता या युद्धनौकांनी माणसं उचलली. हेलिकॉप्टरं सकाळी आली. 261 पैकी 186 वाचले.

माझं मत सांगतो. रक्त थांबत नसेल, हृदयविकार असेल, डोक्याला मार लागून शुद्ध हरपत असेल, तर रात्रीच मागवा. हाड मोडलंय, रक्त थांबलंय, पेशंट बोलतोय, तर रेडिओवर डॉक्टरचा सल्ला घेत उजाडू द्या. तटरक्षक दलाच्या 1554 वर किंवा मुंबईच्या एमआरसीसीला (सागरी बचाव समन्वय केंद्राला) मात्र पहिल्याच मिनिटाला कळवा. तिकडे पायलट 'नाही' म्हणाला तर पेशंटचं वर्णन रंगवून सांगू नका. काही सेवांत तर उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत पायलटला पेशंटबद्दल सांगतच नाहीत, ते याचसाठी: दयेपोटी चुकीचा निर्णय होऊ नये म्हणून.

आणि मागवलंच, तर सर्चलाइट वर रोखू नका, मोबाइलचा फ्लॅशही नको. गॉगलमध्ये सगळं पांढरं होतं. खाली आलेला हुक आधी डेकला टेकू द्या, नाहीतर स्थिर विजेचा झटका बसेल. आणि तो कठड्याला बांधायचा नाही, क्षणभरसुद्धा.