१९७३ ची एमजीबी जीटी: सतरा वर्षं झाकून ठेवलेली गाडी घेतली, त्याचा दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, ही जुनी ब्रिटिश गाडी फास्ट नाहीये. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना वाटतं पाय ठेवला की पाठ सीटला चिकटणार, तसलं काही होत नाही. १७९८ सीसी, चार सिलिंडर, पॉवर शंभर हॉर्सच्या आतच, सिग्नलवरून साधी डिझेल फॅमिली गाडी हिला मागं टाकून जाते आणि मागच्या सीटवरची पोरं आपल्याला टाटा करतात. ज्यांना स्पीड पाहिजे त्यांनी इथंच वाचणं थांबवलं तरी चालेल.

मग घेतली कशाला? तर माझ्या काकाची कोल्हापुरात अँबॅसेडर होती, पेट्रोलवाली, टूरिस्टला चालायची. माझं अर्धं लहानपण त्या गाडीच्या बोनेटखाली पाने हातात देत गेलं. इथं इंग्लंडात लेस्टरला आल्यावर एका उन्हाळी मेळाव्यात कुणीतरी एमजीबीचं बोनेट उघडून उभा होता, मी सहज वाकून बघितलं आणि म्हटलं अरे हे तर ओळखीचं आहे! आणि होतंच. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं, आणि आपली अँबॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच की, फक्त बंगालमधल्या उत्तरपाऱ्यात बनलेली. दोघींचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजचं, अँबॅसेडरमध्ये १४८९ सीसी, हिच्यात तेच वाढवून १७९८. म्हणजे काकाच्या गाडीची थोरली बहीण, जरा चांगल्या घरात पडलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अॅबिंग्डनच्या कारखान्यात. उघड्या टपाची रोडस्टर आधी आली, डोक्यावर पक्कं छप्पर आणि मागं वर उघडणारी काच असलेली जीटी १९६५ मध्ये, त्या छपराच्या आकारात इटलीच्या पिनिनफरिनाचा हात आहे आणि ते बाजूनं बघितल्यावर कळतं. १९७४ च्या शेवटाला अमेरिकेच्या नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले आणि गाडीची उंचीही वाढवली, म्हणून बाजारात क्रोम बंपरवालीला भाव जास्त. माझी १९७३ ची, क्रोमवाली, रंग हार्वेस्ट गोल्ड. नाव भारी आहे, पण बायको त्याला आमटीचा रंग म्हणते आणि खरं सांगायचं तर आमटीचाच आहे.

आता खरेदी. हा भाग नीट वाचा, कारण पैसे इथंच बुडतात. या गाडीला वेगळी चेसिस नाही, सगळी ताकद पत्र्यात, आणि त्यातही दाराखालच्या सिलमध्ये. बाहेर दिसतो तो एक पत्रा, त्याच्या आत अजून दोन-तीन पत्रे जोडून पेटीसारखं केलेलं असतं, पाणी आत जातं आणि पेटी आतून सडते, बाहेरून रंग चकाचक. मी पहिल्या दोन गाड्या बघितल्या त्या आरशासारख्या चमकत होत्या. एकीच्या सिलला लोहचुंबक लावलं तर चिकटेचना, आत पत्रा नाही, नुसती भरलेली पुट्टी. दुसऱ्या गाडीला जॅक लावून जरा उचलली तर दाराच्या मागची फट बंद व्हायला लागली, म्हणजे गाडी मधोमध वाकत होती, मी जॅक खाली केला, मालकाचा चहा प्यायलो आणि निघालो. हे दोन्ही प्रकार तुम्हीही करा, मालकाला विचारून करा. पुढच्या चाकामागं विंगचा (म्हणजे मडगार्डचा) खालचा कोपरा, मागच्या सस्पेन्शनच्या पाट्यांची टोकं जिथं बसतात ती जागा, आणि सीटमागं बॅटरीचे जे खड्डे आहेत ते, एवढं टॉर्च मारून बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका. इंजिनाकडं नंतर बघा. इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो आणि स्वस्तात मिळतो, अगदी अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेज जुन्याच साच्यांवर काढतं, पण तिची किंमत ऐकल्यावर सडलेली गाडी का घेऊ नये ते कळतं.

तिसरी गाडी श्रॉपशायरमधल्या एका खेड्यात. मालक आजोबा गेलेले, आजी गाडी विकत होत्या. विटांचं कोरडं गॅरेज, गाडीवर सुती चादर, चारही चाकं जमिनीपासून वर स्टँडवर, आणि काचेवर २००६ चा टॅक्स डिस्क, म्हणजे रोड टॅक्स भरल्याचा गोल कागद, अजून चिकटलेला (ते डिस्क सरकारनं २०१४ मध्येच बंद केले). एक फाइल, त्यात प्रत्येक बिल, पंक्चरचंसुद्धा. त्यातच २००१ चं एक बिल सापडलं ज्यात सिलिंडर हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्याचं लिहिलेलं, कारण इथं शिसं असलेलं पेट्रोल २००० सालापासून बंद झालं आणि जुन्या हेडला बिनशिशाचं पेट्रोल मानवत नाही. असं बिल बघितलं की माणूस कळतो. सिल वाजवून बघितले, ठण्ण. मागितले साडेसात हजार पौंड, ठरले सहा हजार आठशे, आणि मी फार घासाघीस केली नाही कारण आजी सारखं विचारत होत्या की तू तिला निळा रंग तर नाही ना देणार.

तेवढ्यात त्यांचा भाचा जंप केबल घेऊन आला, म्हणाला आत्ता चालू करून दाखवतो. मी अक्षरशः हात जोडले. सतरा वर्षं उभ्या गाडीला सेल्फ मारणं हे सगळ्यात वाईट. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, रिंगा चिकटलेल्या असू शकतात, टाकीतला गाळ पंपात खेचला जातो. फ्लॅटबेडवर टाकून घरी आणली.

घरी आणल्यावर दोन आठवडे मी चावीच लावली नाही. चारी प्लग काढले, प्रत्येक भोकात दोन चमचे ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हातानं फिरवलं. पहिल्यांदा हललं नाही तेव्हा पोटात गोळा, मग हळूच कुरकुरत फिरलं, आणि त्या क्षणाला मला जेवढा आनंद झाला तेवढा घराचं कर्ज मंजूर झालं तेव्हाही झाला नव्हता. जुनं ऑइल काढलं तर काकवी. फिल्टर बदलला, २०डब्ल्यू-५० भरलं, असल्या इंजिनांना पातळ मॉडर्न ऑइल घालू नका. प्लग बाहेरच ठेवून सेल्फ मारत राहिलो, म्हणजे कॉम्प्रेशनचा भार नाही, आणि डॅशबोर्डवरच्या काट्यानं ऑइल प्रेशर दाखवेपर्यंत थांबलो. मग प्लग.

टाकीतल्या पेट्रोलला फर्निचर पॉलिशचा वास येत होता, सगळं काढलं, टाकी उतरवून धुतली. रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल झेपणाऱ्या, कारण २०२१ पासून इथं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, झालंय आणि ते जुनं रबर खातं, मी तरी महागातलं ई५ च भरतो. एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर उघडून साफ केले, गॅस्केट बदलले. आता मजा बघा, पेट्रोल पंप मागं उजव्या बाजूला असतो, चावी फिरवली की टक टक टक वाजला पाहिजे. नाही वाजला. आतले पॉइंट चिकटतात इतकी वर्षं पडून राहिल्यावर. पान्याच्या दांड्यानं पंपाला एक हलकी टिचकी मारली, लगेच टक टक सुरू. हा काही माझा शोध नाही, इथं प्रत्येक एमजीवाला हेच करतो.

ब्रेकचे मात्र लाड नकोत. पेडल छान कडक लागत होतं तरी मी सगळं नवं टाकलं: पुढच्या कॅलिपरची सीलं, मागच्या ड्रममधले सिलिंडर, मास्टर सिलिंडरची किट, रबरी होज. ते होज बाहेरून टकाटक दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, ब्रेक लागतो पण सुटत नाही. एअर काढायला बायको पेडलवर, मी गाडीखाली, दाब, धर, सोड म्हटल्याशिवाय सोडू नको म्हटलं ना, असं तीन तास, यातून संसार टिकला म्हणजे बराच मजबूत आहे. टायरची नक्षी पूर्ण शाबूत, कोड मात्र १००४, म्हणजे २००४ सालचा दहावा आठवडा. रबर दगड झालेलं. पाचही टायर नवे, स्टेपनीसकट.

आणि मग एका रविवारी चोक ओढला, चावी फिरवली, चौथ्या प्रयत्नात लागली. काकाला व्हिडिओ कॉल लावला होता. पाच हजार मैल लांब कोल्हापुरात बसून फोनवर आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य, अभिनंदन वगैरे काही नाही, "टॅपेट वाजतायत रे, पंधरा थाऊला लाव." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, व्हॉल्व्हची फट त्यात मोजतात. फीलर गेज घालून बघितलं तर दोन नंबर आणि तीन नंबर खरंच ढिले.

आता तक्रारी. एक, ऑनलाइन एका ठिकाणाहून इग्निशनचा सर्व्हिस किट मागवला, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म. चाळीस मैलांवर गाडी आधी मिसिंग करायला लागली आणि मग भर गोलचक्कराच्या तोंडावर बंद. नवा रोटर आर्म आतून शॉर्ट झालेला. डिकीत जुना, १९९० च्या आसपासचा लुकासचा आर्म आजोबांनी डब्यात ठेवलेला होता, तो लावला, घरी आलो, आजही तोच चालू आहे. स्वस्त नव्या पार्टपेक्षा जुना चांगला पार्ट कधीही, जुनं काढलेलं सामान फेकू नका. दोन, जवळच्या एका गॅरेजला पुढचं सस्पेन्शन दाखवायला नेली तर तो म्हणाला इंजिन उतरवू, फुल रंग मारू, आतली सीट नवी करू, आकडा ऐकला तर मी गाडी घेतली त्यापेक्षा जास्त. नको म्हटलं. दाराला दोन पोचे आहेत, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवलीय, बोनेटवर रंग जरा उडालाय. तो कारखान्यातला रंग आहे, एकदा घासला की परत येत नाही. शिवण हातानं टाकली, रंगाला पॉलिश मारलं, बास. मला सगळ्यात जास्त वेळ काय न करायचं ते ठरवायला लागला.

चालवायला कशी? पहिल्या अर्ध्या तासात कुणीही म्हणेल ट्रॅक्टर आहे. पॉवर स्टेअरिंग नाही, पार्क करताना हातांचे दंड भरून येतात. मागं पाटे, त्यामुळं खड्डा आला की तो कंबरेला कळवून जातो. पण गाव सोडून वळणाच्या रस्त्याला लागलात, तिसऱ्यात ठेवलीत, की पन्नास मैलाच्या स्पीडलाच इतकी मजा येते की लायसन धोक्यात घालायची गरज पडत नाही. गियरची दांडी आखूड, मनगटानं पडतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गियरबॉक्सला जोडलेला जास्तीचा उंच गियर, असलेलीच घ्या, तेव्हा तो जास्तीचे पैसे देऊन मिळायचा म्हणून सगळ्यांना नाही, बटण टाकलं की इंजिनाचे फेरे एकदम उतरतात, त्याच्याशिवाय मोटरवेवर डोकं दुखतं. अॅव्हरेज गॅलनला तीसेक मैल. मागची सीट ही सीट नाहीये, फळी आहे, माझी सात वर्षांची मुलगी आनंदानं बसते कारण तिला वाटतं ती गुहेत आहे, मोठ्या माणसानं प्रयत्न करू नये. मागची काच उघडली की सामान मात्र भरपूर मावतं, मंडळाच्या गणपतीला दोन मोठी पातेली, ढोल आणि मखराचे खांब एका खेपेत नेलेत.

पैशाचा हिशोब: गाडी सहा हजार आठशे, टायर-ब्रेक-नळ्या-बॅटरी आणि बारीकसारीक मिळून चौदाशेच्या आसपास, मजुरी माझी. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रोड टॅक्स शून्य, त्यासाठी हिस्टॉरिक वर्गात नोंद करून घ्यावी लागते, आणि ती झाली की लंडनच्या यूलेझचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोज लागणारे, पैसेही नाहीत. एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या गाडी-तपासणीचीही सक्ती नाही, पण मी दरवर्षी करून घेतो, दुसऱ्या माणसानं खालून बघितलेलं बरं. इन्शुरन्स क्लासिकवाला, मैलांची मर्यादा घातलेला, माझ्या रोजच्या गाडीपेक्षा निम्म्याहून कमी.

रोज ऑफिसला जायला घेणार असाल तर नका घेऊ. हीटर म्हणजे कुणीतरी तोंडावर फुंकर घालतंय एवढंच, आणि किंगपिनला (ज्यावर पुढची चाकं वळतात त्या खुंट्यांना) दर तीन हजार मैलांना ग्रीस मारायचा कंटाळा असेल तर तो खर्च नंतर व्याजासकट येतो. मी पाचपैकी चार देतो, एक कापला तो गळणाऱ्या ऑइलसाठी, गाडीखाली कायम पुठ्ठा पसरलेला असतो. काकाला विचारलं तर म्हणाला गळतंय म्हणजे आत आहे, गळायचं थांबलं की फोन कर.