हॅवलॉकचं स्कूबा पॅकेज आणि आमचे १,१९,४४० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते. एक लाख एकोणीस हजार चारशे चाळीस रुपये. माझे आणि माझ्या धाकट्या बहिणीचे मिळून. अंदमानात स्कूबा शिकायला म्हणून भरले आणि अंदमान सोडाच, आम्ही विमानतळाचं तोंडही पाहिलं नाही.

असले प्रकार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. आधी रील, मग व्हॉट्सअ‍ॅपवर गोड बोलणं, अ‍ॅडव्हान्स, आणखी थोडे, आणि फोन बंद. मलाही माहीत होतं. "एवढी शिकलेली बाई फसतेच कशी?" हे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे विचारून झालंय, त्यामुळे तो प्रश्न कृपया पुन्हा नको. फसते कशी ते सांगते. समोरचा माणूस दहातली नऊ वाक्यं खरी बोलतो, अशी फसते.

आमचं ठिकाणच ठरत नव्हतं. बहीण म्हणत होती मालवण, मी म्हणत होते अंदमान, मध्येच कोणीतरी मालदीवचं पिल्लू सोडलं होतं. रीलवरून सापडलेल्या या एजंटाने पहिल्याच फोनवर विचारलं, "ताई, तुम्हाला नुसतं पाण्याखाली जाऊन फोटो काढायचेत की डायव्हिंग शिकायचंय?" शिकायचंय म्हटल्यावर त्याने एकेक ठिकाण कापत आणलं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे होतं ते बहुतेक ठिकाणी इन्स्ट्रक्टरने धरून नेलेलं काही मिनिटांचं असतं, त्याचं लायसन्स मिळत नाही, आणि पावसाळ्यात सगळं बंद. कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट चांगलं, पण बोटीत तासाच्या वर जातो आणि ज्याला बोट लागते त्याचे हाल. लक्षद्वीपला परमिट लागतं. मालदीवच्या चॅनलमधले प्रवाह नवख्याला झेपत नाहीत. म्हणून अंदमानातलं हॅवलॉक बेट, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आणि तेही नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्येच. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी स्वतः नंतर सगळं पडताळून पाहिलं. मग अशा माणसावर विश्वास ठेवला तर माझं काय चुकलं?

दरसुद्धा हास्यास्पद स्वस्त नव्हता. माणशी ३८,९००, त्यात ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचं पहिलं लायसन्स मिळतं तो), पाच रात्री राहणं, फेरीबोटीची तिकिटं. दुसऱ्या एका ठिकाणी मला नुसत्या कोर्सचे ३२,००० सांगितले होते. एखाद्याने सगळं पंधरा हजारांत देतो म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता. यांना ते पक्कं ठाऊक असतं.

पहिले १५,००० यूपीआयने दिले. यूपीआयवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, एका बाईचं होतं. "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत." लिहून ठेवा: कंपनीचे पैसे कंपनीच्या चालू खात्यात जातात, अकाउंट्सच्या मॅडमच्या बचत खात्यात नाही. मग विमानाचे ३१,६४०, दोघींचे, चेन्नईमार्गे जाऊन-येऊन. त्याचा पीएनआर मी विमान कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तपासला. आमची नावं बरोबर, तारखा बरोबर, स्टेटस कन्फर्म्ड. यापुढे सामान्य माणसाने आणखी काय तपासायचं असतं?

आता ती जागा, जिच्यापाशी मी अजून रोज रात्री येऊन थांबते.

तिकिटांनंतर त्याने प्रवासाचा सगळा आराखडा पीडीएफमध्ये पाठवला. निळं लेटरहेड, कासवाचा फोटो, हॅवलॉकमधल्या एका खऱ्याखुऱ्या डाइव्ह सेंटरचं नाव आणि लोगो. दिवसवार तक्ता होता. शेवटच्या दिवसाची ओळ अशी: सकाळी ६:३० फायनल डाइव्ह, १०:३० फेरी, दुपारी २:१५ विमान.

ज्यांनी डायव्हिंगबद्दल दोन पानं जरी वाचली असतील त्यांना कळलं असेल. डाइव्ह करून त्याच दिवशी विमानात बसत नाहीत. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असल्यामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच साधी डाइव्ह असेल तर निदान बारा तास, आणि सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर निदान अठरा तास थांबा, असं सरळ सांगितलेलं आहे. डाइव्ह सेंटरमध्ये झाडू मारणारा पोरगाही असला तक्ता बनवणार नाही.

आणि मला ते दिसलं होतं! मी झोपेत नव्हते. मी त्याच संध्याकाळी त्याला मेसेज टाकला: शेवटच्या दिवशी डाइव्ह आणि विमान कसं? त्यावर त्याची व्हॉइस नोट आली. मागे गाड्यांचा आवाज, आणि हा अगदी शांत, समजावणीच्या सुरात. "ताई, तो नियम डीपवाल्यांना. तुम्ही ओपन वॉटरला अठरा मीटरच्या खाली जाणारच नाही. बिनधास्त राहा." अठरा मीटर बरोबर होतं. ओपन वॉटरची मर्यादा तेवढीच आहे. त्या एका बरोबर आकड्यावर त्याने अख्खी थाप उभी केली. मला वाटलं, याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वर "हवं तर डाइव्ह आदल्या दिवशी घेऊ" असंही म्हणाला. सुरक्षिततेची शंका विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला इतक्या सहज "हवं तर" म्हणणाऱ्या माणसाचं समुद्राशी काही देणं-घेणं नाही, हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. बहिणीलाही ती नोट ऐकवली होती, तिलाही काही वाटलं नाही, हे आपलं जाता जाता.

तिथे थांबले असते तर ४६,६४० वर निभावलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी उरलेले ६२,८०० आयएमपीएसने पाठवले. नंतर माणशी पाच हजार "इक्विपमेंट डिपॉझिट, रिफंडेबल", असे आणखी १०,०००. डिपॉझिट घेणारी सेंटरं असतीलही, पण ते तिथे पोचल्यावर काउंटरवर द्या.

आणखी एक गोष्ट झाली नाही. म्हणजे व्हायला हवी होती, ती झाली नाही. खरा ओपन वॉटर कोर्स असेल तर सहसा निघण्याआधीच तुमच्याकडे वैद्यकीय प्रश्नावली येते: दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हृदयाचं काही आहे का. एखादं "हो" आलं तर बहुतेकदा डॉक्टरची सही आणावी लागते. थिअरी तर हल्ली बरेच जण घरूनच ऑनलाइन उरकतात, त्याचा कोड येतो. आम्हाला यातलं काहीही आलं नाही. माझ्या बहिणीला लहानपणापासून दमा आहे. समुद्रात नेणाऱ्याने तो विचारला नाही, आणि ज्याने विचारला नाही तो समुद्रात नेणारच नव्हता.

निघायच्या आठवड्यात पीएनआर पुन्हा पाहिला, तर कॅन्सल्ड. तिकिटं खरीच काढलेली होती. मला दाखवून झाल्यावर त्याने ती रद्द केली आणि परतावा त्याच्याच खात्यात गेला. विमान कंपनीचं म्हणणं, पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जातात, तुम्ही एजंटशी बोला. एजंटाचा फोन बंद. त्याने चॅटमधले स्वतःचे बरेच मेसेज पुसले होते. व्हॉइस नोट शाबूत राहिली कारण बहिणीला पुढे पाठवलेली होती. पहिला पैसा द्याल त्याच दिवशी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

मग मी हॅवलॉकच्या त्या सेंटरला फोन लावला. नंबर पीडीएफवरचा नाही घेतला, त्यांच्या वेबसाइटवरचा घेतला. हे मी पैसे भरण्याआधी केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पीडीएफवरच्या नंबरवर मात्र मी आधी बोलले होते, तिथे कोणीतरी "येस मॅम, बुकिंग कन्फर्म" म्हणालं होतं. म्हणजे मी चौकशी केली नाही असं कोणी म्हणू नये. खऱ्या सेंटरमधल्या मुलीने नाव ऐकलं, तारखा ऐकल्या आणि म्हणाली, तुमच्या नावाचं इथे काहीच नाही, आणि आमच्या लोगोचा असा वापर झाल्याचे फोन आम्हाला याआधीही आलेत.

आता आपल्या यंत्रणांबद्दल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, तेवढं झालं. पुढे पोलीस ठाण्यात गेले. तिथे सांगितलं सायबरला जा. सायबरमध्ये सांगितलं रक्कम एवढीच आहे तर तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. ठाण्यात परत गेल्यावर, ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले ती परराज्यातली, मग गुन्हा तिकडे घडला. मी म्हटलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. साहेब म्हणाले, "मॅडम, पुस्तकातलं आम्हाला नका सांगू." शेजारच्या टेबलावरचा हवालदार चहा पिता पिता म्हणाला, "लाखभर रुपये देऊन पाण्यात बुडायला कशाला जायचं म्हणतो मी?" आणि सगळे हसले. मी पण कसनुशी हसले, याचाच राग जास्त आहे. मग चॅटचे प्रिंट मागितले. नेले. रंगीत हवे होते. रंगीत नेले. त्यावर प्रमाणपत्र हवं म्हणाले, ते कोणाकडून आणायचं ते एकालाही सांगता येईना. तोपर्यंत पैसे त्या खात्यातून पुढच्या खात्यांत केव्हाच गेले होते. एका खात्यात ८,३१२ रुपये गोठवलेले सापडले. ते माझे आहेत हे सगळ्यांना मान्य आहे, पण मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

बँकेची तर कमालच. "व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलेत, यात अनधिकृत काही नाही." रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं जे परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देत होतं ते अनधिकृत व्यवहारांसाठी होतं, हे त्यांनी मला ज्या उत्साहाने समजावलं त्याच्या निम्म्या उत्साहाने ते खातं पहिल्या तासात गोठवायला फोन केला असता तर? क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. तो म्हणाला होता, कार्डला दोन टक्के जादा. दोन टक्के वाचवले मी.

जीएसटी नंबरही पीडीएफवर होता. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. मी नंतर टाकला. नाव भलत्याच धंद्याचं निघालं, फरशीचं दुकान. पोर्टल फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. आणि इन्स्ट्रक्टरचं नाव, नंबर मागा. डायव्हिंगचं लायसन्स देणारी संस्था पाडी असो वा एसएसआय, इन्स्ट्रक्टर आणि सेंटर तिच्या वेबसाइटवर तपासता येतात. जो नंबर द्यायला का-कू करेल त्याचा नाद सोडा. कोर्सचे पैसे थेट सेंटरला द्या, विमानाचं तिकीट स्वतः काढा, मधला माणूस फक्त सल्ल्यापुरता ठेवा.

ग्राहक आयोगात गेले आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. पीडीएफवरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस "पत्ता अपूर्ण" असा शेरा घेऊन परत आली. खातेदाराचा पत्ता बँकेकडे आहे, पण बँक तो पोलिसांनाच देईल म्हणते. पोलीस म्हणतात, आधी तपास अधिकारी नेमला जाऊ दे.

दरम्यान तेच कासव, तेच निळं लेटरहेड वेगळ्या नावाने इन्स्टाग्रामवर पुन्हा दिसतंय. मी खाली कमेंट टाकली, ब्लॉक झाले. स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेले, तर म्हणाले, नाव वेगळं आहे ना, मग तक्रारही वेगळी द्यावी लागेल. रंगीत प्रिंटसकट.