वैद्यकीय इच्छापत्र की आरोग्य-मुखत्यार: आधी काय करावे?

आपली निर्णयक्षमता गेल्यावर व्हेंटिलेटर किंवा नळीवाटे मिळणारे अन्नपाणी चालू ठेवावे की थांबवावे, याची तजवीज आजच करू पाहणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात: उपचारांना असलेला आपला नकार लिहून ठेवणे (हेच वैद्यकीय इच्छापत्र), किंवा आपल्या वतीने निर्णय घेणारा मुखत्यार नेमणे. यांपैकी काहीच केले नाही तर काय घडते, ते आधी पाहू. अमेरिकेत टेरी शायव्हो १९९० मध्ये बेशुद्ध झाल्या; लेखी काही नसल्यामुळे पती आणि आईवडील वर्षानुवर्षे न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि २००५ मध्ये नळी काढल्यावर १३ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधील व्हँसाँ लांबेर स्वतः परिचारक होते, तरी त्यांनीही काही लिहून ठेवले नव्हते. २००८ च्या अपघातानंतर त्यांच्याबाबतचा वाद २०१९ पर्यंत चालला. या दोन्ही घरांत माया सर्वांचीच होती, आणि म्हणूनच कोणी मागे हटले नाही.

घरच्यांशी तोंडी बोलून ठेवले की पुरते, हा समज धोक्याचा आहे. नॅन्सी क्रूझन या बेशुद्धावस्थेतील रुग्णाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये असे ठरवले की रुग्णाच्या इच्छेचा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा मागण्याचा राज्याला अधिकार आहे.

दोन्ही मार्गांची रचना इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यात नेमकी दिसते. तिथे जीवनरक्षक उपचारांना दिलेला आगाऊ नकार लेखी, सहीचा आणि साक्षीदारासमोर केलेला असावा लागतो, आणि ‘जीव धोक्यात असला तरीही’ तो लागू राहील असे त्यात स्पष्ट म्हणावे लागते. असा नकार वैध असून त्या प्रसंगाला लागू पडत असेल, तर तो डॉक्टरांवर बंधनकारक असतो. हे त्याचे मोठे बळ. मात्र कागदाला प्रश्न विचारता येत नाही: लिहिताना कल्पनेतही नसलेली परिस्थिती उद्भवली, तर तो निरुपयोगी ठरू शकतो. शिवाय त्यातून उपचार नाकारता येतात, विशिष्ट उपचार मागता येत नाहीत.

मुखत्यार डॉक्टरांना प्रश्न विचारू शकतो, बदललेली स्थिती समजून घेऊ शकतो, थोडे थांबूही शकतो. पण जीवनरक्षक उपचारांचा अधिकार मुखत्यारपत्रात स्पष्टपणे दिलेला नसेल तर त्याला तो मिळत नाही, आणि मिळाला तरी निर्णय रुग्णाच्या हिताचाच घ्यावा लागतो. ते हित रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. मुखत्यार नेमलेला नसेल, तर केवळ नात्यामुळे पती, पत्नी किंवा मुलांना निर्णयाचा हक्क मिळत नाही. त्यांचे मत विचारात घेतले जाते, एवढेच. डॉक्टर आणि कुटुंब यांचे एकमत असेल तर न्यायालयात जाणे अनिवार्य नाही, असे २०१८ मध्ये ठरले; मतभेद असतील तर मात्र जावेच लागते.

दोन्ही करणाऱ्यांनी तारखांचा क्रम सांभाळावा. त्याच उपचाराचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र नंतर केले, तर आधीचा लेखी नकार वैध राहत नाही. नकार नंतरचा असेल, तर तो मुखत्यारालाही बांधतो.

माझ्या मते, दबावाखालीही तुमचेच म्हणणे मांडेल असे माणूस असेल तर आधी मुखत्यार नेमावा, आणि कोणत्या अवस्थेतले जगणे आपल्याला नको आहे ते त्याच्यासाठी सविस्तर लिहून ठेवावे. घरातच श्रद्धांवरून फूट असेल, किंवा आजार ठाऊक असून त्याची वाटचाल डॉक्टर सांगू शकत असतील, तर लेखी नकार आधी. एकट्या राहणाऱ्यांनाही तोच अधिक उपयोगी पडेल. मात्र त्याची प्रत डॉक्टरांच्या नोंदींत असायला हवी, कारण आणीबाणीच्या क्षणी कपाटातला कागद कोणाच्या हाती लागत नाही.